अकराशे त्रेचाळीसचा दुसरा बिल्ला

मी अंधेरीला एका विमा कंपनीत क्लेम खात्यात आहे. सव्वीस वर्षं झाली. समोरचा माणूस रडत असो की ओरडत असो, मी आधी कागद बघते. कागदात कुठे पाणी मुरतंय ते मला दोन मिनिटांत कळतं. ऑफिसात माझ्यामागे मला काय म्हणतात तेही ठाऊक आहे, आणि खरं सांगते, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटायचं.

तर अशा या बाईने गेल्या वर्षी एक तक्रार लिहिली. ऑफिसची नाही, घरची. जुन्या वस्तू विकणाऱ्या एका ऑनलाइन साइटवर कुणीतरी खोटी वस्तू खरी म्हणून आमच्या गळ्यात मारली, अशी. इतकी बिनतोड तक्रार मी आयुष्यात लिहिली नव्हती. निकाल माझ्या बाजूने लागला, त्या माणसाचं खातं कायमचं बंद झालं, आणि मी ऑफिसात पेढे वाटले नाहीत एवढंच. तो माणूस माझा सख्खा काका होता. मला माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं.

बाबा गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. गेटवर प्रत्येकाला पितळी बिल्ला दाखवावा लागे. गोल, तळहातात मावेल एवढा, वर गिरणीचं चिन्ह आणि खाली नंबर. बाबांचा अकराशे त्रेचाळीस. तिथे माणसाला नावाने कोण हाक मारत होतं? अकराशे त्रेचाळीस आला का, अकराशे त्रेचाळीस गेला का, बस. गिरणी कायमची बंद झाली तेव्हा ऑफिसने हिशेब चुकता करण्याआधी सगळ्यांचे बिल्ले परत घेतले आणि प्रत्येकाच्या सर्व्हिस कार्डावर ‘बिल्ला जमा’ असा शिक्का मारला. बाबा त्या दिवशी घरी आले ते बिल्ल्याच्या रिकाम्या खिशावर हात ठेवून. आई विचारत राहिली, पैसे मिळाले ना, मग चेहरा असा का? बाबा म्हणाले, “पैशे दिल्यानी, ता ठीक आसा. बिल्लो कित्याक घेतल्यानी?” बाबा एरवी आमच्यासारखंच बोलतात, पण जिवाला लागलं की मालवणीत शिरतात.

काका बाबांहून आठ वर्षांनी धाकटा. मी लहान असताना आमच्याच खोलीत राहायचा. आई गावी गेली की माझ्या वेण्या तोच घालायचा, एक वर एक खाली, आणि मी भोकाड पसरलं की म्हणायचा, “फॅशन आहे ती, तुला काय कळतंय!” तो त्याच गिरणीत बदली कामगार होता. कुणी गैरहजर असेल तर त्या दिवसापुरतं काम, नाहीतर घरी. कायम तो कधी झालाच नाही. पुढे त्याने काय काय केलं, वॉचमन झाला, एका छापखान्यात होता. लग्न उशिरा केलं, एक मुलगी झाली, बायको लवकर गेली. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर भाड्याच्या खोलीत राहायचा.

नऊ वर्षांपूर्वी दोघा भावांचं बोलणं तुटलं, आणि ते माझ्यासमोर तुटलं. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत बाबांचा नंबर लागला होता, कागदपत्रांची तपासणी चालू होती. काका एका रविवारी आमच्याकडे बोरिवलीला आला. खिशातून टाइप केलेला एक कागद काढून त्याने टेबलावर ठेवला. त्याचे स्वतःचे बदलीचे दिवस घरासाठी कमी पडत होते. बाबांनी एवढंच लिहून द्यायचं होतं, की अमुक काळात चौदा महिने साच्यावर माझा भाऊ होता. बाकी दोन जुने कामगार सही करायला तयार होते.

बाबा काही बोलेनात. मीच बोलले. म्हटलं, “काका, कागदावर नाही ते नाही. खोटं लिहून घेऊन बाबांना कशाला अडकवतोस? त्यांचीही फाइल जाईल.”

काकाने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो बाबांकडे बघत होता. बाबा चहाच्या कपात बघत होते. मग काकाने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि जिना उतरून गेला. चहा तसाच. मला वाटलं, बरी जिरली. बाबांना घर मिळालं. आई त्यात चार वर्षं राहिली. ती गेल्यावर बाबा माझ्याकडे आले, आणि ते घर आजही कुलूप लावून पडलं आहे. गावी गणपतीला दोघे भाऊ एकाच पडवीत बसायचे, पण पाठीला पाठ लावून.

गेल्या वर्षी बाबांना ऐंशी पूर्ण होणार होती. शर्ट, शाल, चांदीची वाटी, सगळं देऊन झालेलं. मला वाटलं, त्यांच्या गिरणीचा एखादा बिल्ला मिळतो का बघू. त्या साइटवर काय वाट्टेल ते मिळतं: नाणी, पोस्टाची तिकिटं, कंडक्टरचे चिमटे, बंद पडलेल्या कंपन्यांचे शेअर. प्रत्येकाखाली ‘शंभर टक्के ओरिजिनल’. आमच्या ह्यांनी एकदा तिथूनच पेशवेकालीन म्हणून एक लोटा मागवला होता. त्याच्या बुडाला कारखान्याच्या स्टिकरचा डिंक निघाला. त्यामुळे मी डोळ्यांत तेल घालूनच बघत होते.

आणि बघते तर अकराशे त्रेचाळीस! तोच नंबर, त्याच गिरणीचं चिन्ह. एका वर्तमानपत्रावर ठेवून, आकडे स्वच्छ दिसतील असा अगदी जवळून काढलेला फोटो. खाली लिहिलेलं, ‘जुना गिरणीचा बिल्ला. ओळखणाऱ्यानेच घ्यावा.’ वाटलं, गिरणीच्या भंगारात कुणाच्या तरी हाताला लागला असेल, फिरत फिरत इथे आला. भेटच द्यायची म्हणून मी ऑर्डर बाबांच्या नावाने टाकली. विकणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. पार्सल आलं त्यावर साइटच्या भिवंडीच्या गोडाऊनचा पत्ता.

वाढदिवसाला सकाळी बाबा बाल्कनीत बसले होते. मी डबी हातात दिली. त्यांनी उघडली, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, कारण त्या एका क्षणासाठीच तर सगळा आटापिटा. आधी त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी बिल्ला उजेडात धरला, अंगठ्याने आकड्यांवरून हात फिरवला, आणि चेहरा दगड झाला.

“ह्यो डुप्लिकेट आसा.”

“काय?”

“चारचो आकडो बघ. वरसून उघडो आसा. गिरणीचो चार बंद असायचो.” मग डबी माझ्या हातात परत दिली. “खोटो माल इकतत हे लोक. तक्रार कर.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ऐंशीव्या वाढदिवसाला माझ्या बापाच्या हातात खोटा बिल्ला! आता हे असे लोक म्हणजे माझा रोजचा धंदा. म्हटलं, थांब लेका, तू कुणाशी पंगा घेतलायस ते तुला कळायचंय.

त्या साइटवर तक्रार करायची म्हणजे आधी एक यंत्र तुमच्याशी गप्पा मारतं. वस्तू मिळाली नाही का? तुटली आहे का? रंग वेगळा आहे का? मी ‘बनावट’ हा पर्याय निवडेपर्यंत त्याने मला तीनदा नमस्कार घातला. मग फॉर्म उघडला. मी मुद्दे काढले. एक, चारच्या आकड्याचा साचा वेगळा. दोन, जुना म्हणवणारा बिल्ला इतका चकचकीत कसा? पितळ काळवंडतं, हा कालच घडवल्यासारखा दिसतो. तीन, आणि हा हुकमाचा पत्ता, मूळ बिल्ला गिरणीने परत घेतल्याचा पुरावा. बाबांच्या सर्व्हिस कार्डाचा फोटो, ‘बिल्ला जमा’ शिक्क्यासकट. वर एक जबानी हवी म्हणून मी बाबांसमोर कोरा कागद ठेवला. बाबांनी चष्मा लावला आणि त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘माझा खरा बिल्ला मी जमा केला आहे. हा डुप्लिकेट आहे.’ खाली सही केली. तीच सही पुन्हा एकदा गिरवली. मी समजले वयाने.

शेवटी टिप्पणीच्या चौकोनात मी माझ्याकडून भर घातली, ‘कामगारांच्या घामाच्या खुणा नकली करून विकणाऱ्या माणसांना अशा ठिकाणी थारा असू नये.’ वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते ह्यांना वाचूनही दाखवलं.

साइटचा नियम असा, की तक्रार पुराव्यांसकट विकणाऱ्याला दाखवायची आणि त्याने पाच दिवसांत बाजू मांडायची. मी रोज सकाळी ऑफिसला जाताना फोन उघडून बघायची. काही नाही. तिसऱ्या दिवशी मी स्मरणपत्र टाकलं. बाबा रोज विचारायचे, “आला काय जबाब?” मी म्हणायची, “काय देणार तो जबाब! चोर कुठला.” बाबा मान हलवायचे. सहाव्या दिवशी निकाल आला. विक्रेत्याने मुदतीत म्हणणं मांडलेलं नाही, तक्रार मान्य, पैसे परत, विक्रेत्याचं खातं बंद. मी स्वयंपाकघरातून ओरडले, “जिंकलो बाबा!” बाबा म्हणाले, “बरां झालां,” आणि आत जाऊन झोपले. सकाळचे दहा वाजले होते.

पण त्यात एक अट होती. बनावट वस्तू विकणाऱ्याला परत पाठवायची नाही, कारण तो ती पुन्हा विकेल. ती घेणाऱ्याने स्वतः निकामी करायची आणि तसा फोटो तीन दिवसांत पाठवायचा. मी म्हटलं, हातोडीने ठेचू. बाबा म्हणाले, “नको. मी येतंय तुझ्याबरोबर.” बोरिवलीच्या बाजारात फुटपाथवर एक किल्ल्या बनवणारा बसतो, त्याच्याकडे कापायचं छोटं चाक आहे. त्याने बिल्ला हातात घेतला, उलटा-सुलटा केला. “चाचा, अच्छा पीतल है. नाम-वाम का है क्या? रख लो ना.”

बाबा म्हणाले, “काटो. दो टुकडा करो.”

चाकाचा आवाज फार वाईट होता. बाबा कानावर हात न ठेवता उभे राहिले. अकरा एकीकडे आणि त्रेचाळीस दुसरीकडे, असे दोन तुकडे झाले. त्याच्या स्टुलावर ठेवून मी फोटो काढला, तिथल्या तिथे पाठवला. तुकडे टाकून द्या म्हटलं तर बाबांनी रुमालात गुंडाळून खिशात घातले. मी म्हटलं, “आता कशाला ते?” परत येताना त्यांनी रिक्षा करू दिली नाही. पूर्ण रस्ता चालत आले.

पाच आठवड्यांनी गावाहून चुलत आत्याचा फोन आला. काका आदल्या दिवशी गेला होता. फुप्फुसांचं होतं, वर्षभर चाललं होतं. अंत्यविधीही झाला होता. आम्हाला कुणी कळवलं नाही, आणि कुणी कशाला कळवील?

मला वाटलं बाबा म्हणतील, जायचं नाही. ते उठून कपडे करू लागले. बटणं चुकीच्या काजांत गेली, ती मी नीट केली. टॅक्सीत बसलो. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याला नेहमीसारखा चक्का जाम. पवईच्या अलीकडे गाडी हलेना, तेव्हा बाबा समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बोलायला लागले.

“तो बिल्लो मीच करून घेतलेलो.”

मला आधी कळेचना कशाबद्दल बोलतायत.

मी पाच वर्षांची असताना बाबांना क्षय झाला होता आणि आम्ही सगळे गावी होतो, एवढं मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. इतके महिने गैरहजर म्हणजे नंबर कापला जाणार, नोकरी गेली. तेव्हा बाबांनी गावी जाण्याआधी भांड्यांवर नावं कोरून देणाऱ्या एका कारागिराकडून बिल्ल्याची नक्कल करून घेतली. खरा बिल्ला औषधपाण्याच्या गडबडीत हरवेल या भीतीने ट्रंकेत ठेवला आणि नक्कल भावाच्या हातात दिली. गेटवरचा माणूस बिल्ला बघायचा, तोंड नाही. साच्यावरच्या मुकादमाला माहीत होतं, त्याला गावचे काजू पोचायचे. असे त्या काळी कितीतरी भाऊ, कितीतरी पुतणे दुसऱ्याच्या नंबरावर राबायचे. काका चौदा महिने अकराशे त्रेचाळीस होता. पगार गावी पाठवायचा आणि स्वतः एका खाणावळीत उधारीवर जेवायचा. त्याच्या स्वतःच्या नावावर त्या चौदा महिन्यांत एक दिवसही लागला नाही.

“तो नसतो तर मी मेलंय असतंय,” बाबा म्हणाले. “नोकरी गेली असती. तुझी शाळा खयची आणि काय खयचा.”

“मग तो कागद? नऊ वर्षांपूर्वीचा?”

“खरो होतो.”

“बाबा, मी त्याला माझ्या तोंडाने खोटारडा म्हटलं. तुम्ही तिथे बसला होता.”

“लिवन दिलां असतां तर माझी फाइल गेली असती गो. चौदा म्हयने दुसरो माणूस होतो म्हटल्यार माझी नोकरी खोटी झाली असती. भियालंय मी.” मग म्हणाले, “बिल्लो बघलंय आणि माका वाटलां, इकूक काढल्यान. मी दिलेली वस्तू त्येना बाजारात इकूक काढल्यान. राग इलो.”

मी त्या टॅक्सीत माझ्या ऐंशी वर्षांच्या बापावर ओरडले. काय वाटेल ते बोलले. ड्रायव्हरने गाण्याचा आवाज मोठा केला. बाबा ऐकून घेत होते. मला आता त्याची लाज वाटते, कारण ओरडायचं होतं ते स्वतःवर.

असल्फ्याच्या चढावर टॅक्सी जात नाही. बाबांना पायऱ्या चढवत वर नेलं, दर दहा पायऱ्यांना थांबत. खोलीत माझी चुलत बहीण एकटीच होती. सत्तावीस वर्षांची, काकाचंच नाक. कोपऱ्यात शिलाई मशीन, त्यावर पांढरी चादर. ती उठली आणि बाबांच्या पाया पडली. मला हे अपेक्षितच नव्हतं. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

“मोठे बाबा, तुम्ही याल असं ते म्हणायचे,” ती म्हणाली. “म्हणजे आधी म्हणायचे.”

मग तिनेच सांगितलं. आजार वाढल्यावर काकाने बिल्ला बाहेर काढला. ती त्या साइटवर कापडी पिशव्या शिवून विकायची, तिचं खातं होतंच. काका म्हणाला, “ह्याचा फोटो टाक, नंबर मोठा दिसू दे. दादा नाहीतर त्याची पोर कधीतरी बघेल. फोन करायला माझं तोंड नाही, पण हा नंबर बघितला की तो ओळखेल, आणि येईल.” दोन अनोळखी लोकांनी आधी मागवला होता. तिने त्या ऑर्डरी रद्द केल्या. मग तिसरी ऑर्डर आली आणि तिच्यावर बाबांचं नाव होतं.

“त्या दिवशी ते उठून बसले, ताई. कित्येक दिवसांनी. दोन दिवस चिंच लावून बिल्ला घासत होते. मी म्हटलं, असू द्या ना जुना. तर म्हणाले, दादाला काळा पडलेला कसा पाठवू? पॅक पण मला करू दिला नाही.”

माझ्या तक्रारीतला दुसरा मुद्दा मला शब्दन् शब्द पाठ होता.

“मग रोज फोनकडे बघायचे. आणि मग ते आलं. तुमचं.” तिने तिचा फोन पुढे केला. बाबांचं सर्व्हिस कार्ड. बाबांचं अक्षर. माझं ते थारा नसण्याचं वाक्य. “मी उत्तर लिहायला बसले होते. मी सगळं लिहिणार होते, गावच्या लोकांना साक्षीला उभं करणार होते. त्यांनी फोन काढून घेतला हातातून. म्हणाले, उत्तर देऊ नको. दादाने बरोबर लिहिलंय. डुप्लिकेटच आहे तो, खरा त्याचा होता.”

बाबा जमिनीवर बसले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उघडून तिच्यासमोर ठेवला. तिने ते दोन तुकडे बघितले. हात लावला नाही. विचारलं, “कापला?” मी म्हटलं, “त्यांचा नियम आहे तसा.” माझ्याच तोंडातून आलं हे, त्या खोलीत, त्या दिवशी. नियम आहे म्हणे! ती रडायला लागली. बाबांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि तसाच परत घेतला.

निघताना मी मशीनवरची चादर बघून विचारलं, पिशव्यांचं कसं चाललंय? ती म्हणाली, “खातं बंद झालं ना. त्या एका बिल्ल्यामुळे सगळंच गेलं. दुसऱ्या नावाने उघडता येत नाही, माझ्या आधार कार्डाच्या नंबरावर खूण केलीये त्यांनी.”

सव्वीस वर्षांची विद्या मी पणाला लावली. साइटला लिहिलं, माझी तक्रार चुकीची होती, मागे घेते. उत्तर आलं, निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही. पुन्हा लिहिलं. वरच्यांना लिहिलं. वस्तू बनावट होती की नव्हती, एवढंच त्यांना हवं होतं. आणि काय सांगू? होती! बनावट तर होतीच. मी चौदा महिन्यांची सगळी हकीकत लिहिली. त्यावर, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. दर वेळी वेगळ्या माणसाचं नाव आणि तेच वाक्य. मी फोनवर आदळआपट केली, शिव्या दिल्या, विनवण्या केल्या. माझ्या टेबलापलीकडे लोक सव्वीस वर्षं हेच करत आले, आणि मी त्यांचे कागद बघत बसले.

एका दुपारी मी असाच काहीतरी अर्ज टाइप करत असताना बाबांनी कोरा कागद मागितला. चष्मा लावला. तासभर लिहीत होते, एक ओळ लिहायची आणि थांबायचं. मग माझ्यासमोर ठेवला. बाबांनी लिहिलं होतं, की माझ्या आजारपणात चौदा महिने साच्यावर माझा धाकटा भाऊ होता. बिल्ला मी करून घेतला, त्याचा काही दोष नाही. त्याने मला जगवलं. खाली सही, पूर्ण नाव, आणि नंबर.

“तिका फोन लाव,” बाबा म्हणाले. “वाचून दाखवतंय.”

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. बाबांनी उभं राहून वाचलं, साहेबासमोर वाचावं तसं, एकेक शब्द सावकाश. दोनदा मागच्या ओळीपासून सुरू केलं. वाचून झाल्यावर बाबांनी विचारलं, “बाय, आयकलस मा? हो कागद मी तुका पाठवतंय.”

मग तिचा आवाज मलाही ऐकू आला, अजिबात राग नव्हता त्यात.

“मोठे बाबा, हे त्यांना हवं होतं हो. मी काय करू त्याचं?”

बाबांनी फोन माझ्याकडे दिला. ती अजून लाइनवर होती, मी ऐकत होते, आणि बाबा त्या कागदाची घडी घालत होते.